दादाच्या कॉम्प्युटरचा आवाज

१८ जानेवारी, रविवार. सकाळपासून दादाचा जुना कॉम्प्युटर उघडून बसलो होतो.

माझा मोठा भाऊ, नंदूदादा, दिवाळीनंतर अचानक वारला. आदल्या संध्याकाळी तो या कॉम्प्युटरमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवत होता. ते काम अर्धंच राहिलं. त्याने काढलेले घरचे सगळे फोटो जुन्या डिस्कवर होते आणि तेव्हापासून कॉम्प्युटरला एकही डिस्क दिसत नव्हती.

इथल्या बडा बाजारातला कॉम्प्युटर दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, "भैया, कबाड़ी को दे दो. वो भी सोच के लेगा."

या फोरमवर तुमच्यापैकी एकाने सुचवलं म्हणून आज डिस्कच्या मागचे जम्पर, म्हणजे पिनांवरच्या टोप्या, पाहिले. एकाच केबलवरच्या दोन्ही डिस्क 'मास्टर' होत्या; खरं तर एक मुख्य आणि दुसरी दुय्यम, 'स्लेव्ह', हवी. नव्या डिस्कवरची ती इवलीशी टोपी चिमट्याने काढून 'स्लेव्ह'च्या जागी लावली आणि बटण दाबलं. जुनी डिस्क घरघरली, मग तिची नेहमीची कटकट सुरू झाली. स्क्रीनवर दोन्ही डिस्कची नावं आली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई म्हणाली, "नंदू कॉम्प्युटरवर बसला वाटतं. त्याला म्हण, पहिले जेवून घे, मग कर काय ते."

आईला हल्ली फारसं आठवत नाही. दादा कुठे आहे, हे विचारणं तिने महिन्याभरापूर्वी सोडलं होतं.

मी म्हणालो, "हो, सांगतो."

फोटो नव्या डिस्कवर उतरवले. जुन्या डिस्कच्या जागी बिनआवाजाचं मेमरी कार्ड बसवता येतं म्हणे. माझ्या जागी तुम्ही असता तर बसवलं असतं का?

कॉम्प्युटर बंद केला, जुनी डिस्क आत तशीच ठेवून झाकण लावलं आणि चारही स्क्रू आवळले.