चुन्याखालची शिळा

ईस्टरच्या आधी त्या ग्रीक बेटावर कुणाच्या हातात चुन्याचा कुंचा नसेल तर तो आजारी समजायचा. भिंती, पायऱ्या, झाडांचे बुंधे, सगळं पांढरंशुभ्र. संग्रहालयाची राखण करणारी कलिरोई एकतीस वर्षं तिथलं अंगणही असंच रंगवत आली होती. या वर्षी भिंतीला टेकवलेली शिळाही त्यात रंगून गेली. दोन हजार वर्षांपूर्वी वारलेल्या एका मुलीच्या थडग्याची. मजुरांनी ती परवाच बाहेर आणून ठेवली होती. कलिरोईला ठाऊक होतं. दिसली मात्र नाही.

शेजारची थेक्ला कुंपणावरून डोकावली. "अगं बये! मेलेल्या पोरीलाही सणाचं नवं झबलं?"

"हळू बोल. नॅक्सोसहून येणारी बोट कितीला?"

"अकराला. पुरातत्त्व खात्याचा साहेब त्या शिळेचेच फोटो काढायला येतोय ना? थांब, व्हिनेगर आणते. चुनाच काय, पापंही धुऊन निघतील."

"नको! संगमरवर खातं ते."

कलिरोईचा नवरा पाथरवट होता. दगडावर लिंबाचा थेंब सांडला तरी घर डोक्यावर घ्यायचा.

ती पाणी आणि ऑलिव्हची काडी घेऊन बसली. अक्षरं बोटांनीच चाचपत होती. दोन वर्षं डोळ्यांपुढे धुकं होतं. पायऱ्या ती मोजून चढायची, तिकिटं स्पर्शानं ओळखायची. हे कळलं तर गळ्यातली संग्रहालयाची किल्ली जाणार. आणि नवरा गेल्यापासून सकाळी उठायचं ते त्या किल्लीसाठीच.

बोटीचा भोंगा वाजला. शिळा अर्धीच निघाली होती.

दामास्किनोस साहेब धापा टाकत चढून आला आणि जागच्या जागी थबकला.

"मजुरांनी सांडला हो चुना!" थेक्ला कुंपणावरून ओरडली.

"नाही," कलिरोई म्हणाली. "मी लावला. मला शिळा दिसली नाही." तिनं किल्ली काढून पुढे धरली.

त्यानं ती घेतली नाही. वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं. "व्हिनेगर लावलंत?"

"नाही."

"मग वाचलो. उरलेला चुना आमची माणसं काढतील." तो उभा राहिला. "काकू, कधीपासून दिसत नाही?"

तिनं दोन बोटं वर केली.

"उद्याच्या बोटीनं माझ्याबरोबर चला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"आणि किल्ली?"

"तुम्ही परत येईपर्यंत थेक्लाबाईंकडे."

'परत येईपर्यंत.' कलिरोईनं ते शब्द मनाशी दोनदा घोळवले. मग कुंपणापाशी जाऊन थेक्लाच्या मुठीत किल्ली दाबली.

"शिळेवरच्या चुन्याला हात लावलास तर बघ."