चावीचे ढोल

मोन्तेविदेओच्या पालेर्मो भागात इरासेमा सिल्वेराला सगळी पोरं मावशीच म्हणतात. आठवडाभर रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी उपसायच्या आणि शनिवारी गल्लीत पोरांकडून ढोल वाजवून घ्यायचे, हा तिचा बावीस वर्षांचा नेम. पास्ता, म्हणजे कोकेनचा पुडीत मिळणारा गाळ, ओढून तिचा धाकटा भाऊ गेला, त्या वर्षी तिनं हे सुरू केलं.

मागल्या वर्षी परदेशातल्या कुणा भल्या माणसांनी चावीचे ढोल पाठवले. जुन्या, खिळे ठोकलेल्या ढोलांची चामड्याची पानं ताणली जावीत म्हणून तासभर आगीवर शेकावी लागत; यांची चावी दोनदा पिळली की काम झालं. इरासेमा हरखली. चारऐवजी पाचला या, असं तिनं पोरांना सांगून टाकलं आणि तास वाचला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

तीन महिन्यांनी एका शनिवारी चारच्या सुमाराला तिला यामिला दिसली. सोळा वर्षांची, सगळ्यात लहान ढोल वाजवणारी, ठोका कधी न चुकणारी पोर. ती कोपऱ्यावरच्या पुडीवाल्याच्या दारात उभी होती. इरासेमानं तिला दंडाला धरून ओढलं आणि नाही नाही ते बोलली. यामिलानं दंड सोडवून घेतला.

"आधी चारला बोलवायचीस," ती म्हणाली. "घरी आईचा तो माणूस असतो. हा तास मी काढायचा कुठं?"

इतकी वर्षं इरासेमा समजत होती, पोरांना ढोल सावरतात. पण पान तापेपर्यंत आगीभोवती माते नावाचा कडू चहा पीत बसायचं, तेव्हाच कोण उपाशी आहे, कुणाला घरी मार पडलाय, कोण कुणाच्या नादी लागलंय, हे तिच्या कानावर यायचं. ती आग तिनं स्वतःच्या हातानं विझवली होती. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

पुढच्या शनिवारी चावीचे ढोल माळ्यावर गेले. मोटार विकून घोडा घेतलास, असं एकानं चिडवलं; तिनं त्यालाच लाकडं फोडायला बसवलं. आग मात्र नेहमीच्या जागी न पेटवता तिनं पुडीवाल्याच्या दारासमोर पेटवली. धूर आत येतो म्हणून तो गुरगुरत बाहेर आला.

"खिडकी लाव," इरासेमा म्हणाली.

यामिला तीन शनिवार आली नाही. दर शुक्रवारी इरासेमा तिच्या दारावर थाप मारायची, उद्या चारला आग आहे एवढंच सांगायची आणि परतायची. चौथ्या शनिवारी पोर आली. गाल बसले होते. इरासेमानं तिच्या हातात ढोल दिला आणि जवळ जागा करून दिली.

यामिला पान शेकू लागली.

"मावशी, मी काल पण ओढलं."

"बरं झालं सांगितलंस. पान फिरव, करपेल."

तिनं फिरवलं. मग मान वर न करताच विचारलं, "उद्या रविवारी पण तालीम आहे का?"

"तालीम नाही," इरासेमा म्हणाली. "आग आहे. चारला ये."