बावीस साड्या आणि 'झालं'चा रकाना

आमच्या घरात बावीस साड्या एकमेकींना चिकटून बसल्या, त्याला मी एकटी जबाबदार आहे. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोष देऊ नये. त्यांनी फक्त वाचलं; लिहिलं होतं मी.

सुरतेत डिंडोलीला आमचं घर आहे. खाली एक खोली, वर एक खोली, आणि दोन्हीकडे साड्याच साड्या! माय गेली बारा वर्षं साड्यांवर खडे चिकटवते. माल ठेकेदार आणून टाकायचा आणि तोच घेऊन जायचा. मायचं काम मार्केटमध्ये कोणत्या दुकानात लागतं, हे तिला कधी कळलंच नाही. मग एका शेठजींनी कुठेतरी तिचं काम पाहिलं आणि ठेकेदाराला वगळून थेट तिलाच चाळीस साड्या दिल्या. "बेन, शुक्रवारे अगियार वागे माल जोईए. काम सारुं हशे तो दर महिने आपीश." म्हणजे शुक्रवारी अकराला माल हवा, काम चांगलं झालं, तर दर महिन्याला. हे कळल्यावर ठेकेदार दारात येऊन हसला होता. "काकी, ये तुम्हारे बस का नहीं है." त्या दिवशी मायने भाकरी जरा जोरातच थापल्या.

आता मी. मी अडाजणच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामांचा पाठपुरावा करते. (म्हणजे काम दुसरे करतात आणि "कुठवर आलं?" हे मी विचारते.) त्याच महिन्यात ऑफिसने आम्हाला कानबान बोर्डाचं प्रशिक्षण दिलं होतं. भिंतीवर रकाने आखायचे, प्रत्येक कामाची एक चिठ्ठी करायची, आणि काम पुढे सरकलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात चिकटवायची. पहिल्या दिवशी तीन रकाने शिकवले: 'करायचं', 'चालू', 'झालं'. दुसऱ्या दिवशी हे रकाने आपापल्या कामाप्रमाणे कसे बदलायचे ते शिकवलं. त्या दिवशी मी मामेबहिणीच्या साखरपुड्याला नंदुरबारला होते.

मायची चाळीस साड्यांची धावपळ पाहून माझ्यातली पाठपुरावा करणारी जागी झाली. चार दिवस घरून काम करायची परवानगी काढली आणि मंगळवारी सकाळी देवघराशेजारच्या भिंतीवर मोठा चार्टपेपर लावला. प्रत्येक साडीला नंबराची चिठ्ठी टाचली, तोच नंबर बोर्डावर.

"हाई काय शे?" मायने तिच्या अहिराणीत विचारलं.

"बोर्ड आहे. कुठली साडी कुठवर आली, ते एका नजरेत दिसेल."

"माले आतेबी दिसस," माय म्हणाली. "खाटवर शे ती आयेल. सतरंजीवर शे ती चालू. दोरीवर शे ती वाळी राहिनी. झोपाळावर गई म्हंजे नानास्नी घडी करानी. पेटीमा गई का सरनं."

आज लिहिताना कळतंय, की तिने मला उभ्या उभ्या पाच रकान्यांचा बोर्ड सांगितला होता: आलेली, चालू, वाळणारी, घडीची आणि संपलेली. तेव्हा मी हसले आणि म्हटलं, "माय, याला शास्त्र असतं."

शास्त्राचा पहिला बळी सिंधूमावशी. या शेजारच्या घरातून रोज मायच्या हाताखाली कामाला येतात. त्यांनी चौथी साडी सतरंजीवर ओढली आणि मी ओरडले, "थांबा! 'चालू'मध्ये एका वेळी तीनच!"

"का बरं?"

"जास्त कामं एकदम काढली की सगळीच अर्धवट राहतात."

सिंधूमावशींनी मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, साडी परत खाटेवर ठेवली आणि चहा टाकला. त्यांच्यामागून आलेल्या दोघीही बसल्या. अर्ध्या तासाने मी विचारलं, तर मावशी बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, "आम्ही तयार आहोत गं. बोर्ड नाही म्हणतोय!"

संध्याकाळपर्यंत नेहमीपेक्षा निम्मं काम झालं. मायने तीनचा नियम मोडला आणि मी तो मोडलेला पाहिला नाही, असं आमच्यात न बोलताच ठरलं.

बुधवारी मी 'अडकलंय' नावाचा चौथा रकाना काढला. काम कशामुळे थांबलं ते तिथे लिहायचं. दुपारपर्यंत तिथे अकरा चिठ्ठ्या! 'गोंद संपत आला' ही एकच कामाची. बाकी 'नळाला पाणी नाही', 'गॅस', 'सिंधूच्या नणंदेचा फोन', आणि एका चिठ्ठीवर फक्त 'गुडघा'. गुडघा नानांचा. पॉवरलूमवर तीस वर्षं उभं राहून तो गेला, आणि तेव्हापासून नाना घरी बसून साड्यांच्या घड्या घालतात. सगळ्या घरात माझा बोर्ड मनापासून पटला होता तो एकट्या नानांनाच. सकाळी उठले की आंघोळीआधी बोर्डासमोर उभे! चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचायचे आणि आल्या-गेल्याला सांगायचे, "आमच्या जयूनी बनवलाय. आता कोनाले विचाराची गरज नही. 'झालं'मा चिठ्ठी उनी का मी घडी घालस."

पूर्वी त्यांना प्रत्येक साडीला हाक मारून विचारावं लागायचं, "ही घेऊ का?" आणि कामात बुडालेल्या बायका कधी कधी उत्तरच द्यायच्या नाहीत. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

गुरुवार उजाडला. बारा साड्या पेटीत गेल्या होत्या. सहा सतरंजीवर होत्या. उरलेल्या बावीसचे खडे चिकटवून झाले होते आणि त्या वरच्या खोलीत दोऱ्यांवर वाळत होत्या. पावसाळी दमट हवा. गोंद सुकायला संध्याकाळ होणार, असं माय म्हणाली आणि सिंधूमावशींना घेऊन नवा गोंद आणायला बाजारात गेली. नाना जेवून आडवे झाले.

इतक्यात माझ्या साहेबांचा मेसेज आला. घरी बोर्ड लावल्याचं मी ऑफिसात (जरा तिखटमीठ लावून) सांगितलं होतं. साहेबांनी लिहिलं होतं, "बोर्डाचा फोटो पाठवा. सोमवारी सगळ्यांना दाखवू."

मी बोर्डाकडे पाहिलं. 'चालू'मध्ये अठ्ठावीस चिठ्ठ्यांची गर्दी, आणि 'झालं'मध्ये जेमतेम बारा! असला फोटो पाठवायचा? आणि नीट विचार केला, तर त्या बावीस साड्यांवर कोणी काम करत होतं का? नव्हतं. मग त्या 'चालू' कशा? एवढंच की 'वाळतंय' असा रकाना मी काढला नव्हता, आणि फोटोसाठी नवा रकाना आखत कोण बसणार? मी बावीसच्या बावीस चिठ्ठ्या उचलून 'झालं'मध्ये लावल्या. फक्त फोटोपुरत्या! फोटो झकास आला. पाठवला. चिठ्ठ्या परत ठेवायला हात उचलला, आणि ऑफिसचा फोन वाजला.

तो फोन दीड तास चालला. मी गॅलरीत फेऱ्या मारत इतरांना "कुठवर आलं?" विचारत होते.

फोन ठेवून आत आले, तर नाना घामाघूम होऊन पाटावर बसलेले. चेहऱ्यावर असं समाधान, की मी ते बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बावीस!" ते म्हणाले. "एकदम बावीस उन्यात 'झालं'मा. दुखऱ्या पायानं तीनदा वर गयू, नंबर देखी देखी आन्यात. समद्या घड्या झाल्या. पेटीखाले दाबीसन ठेयेल शेतस."

मी पेटी सरकवली. वरच्या साडीची घडी उघडायला गेले, तर कर्रर्र आवाज झाला आणि नक्षीतल्या मोराचे खडे मोर सोडून पदरावर गेले.

"नाना, ओल्या नाही लागल्या का हाताला?"

"लागत व्हत्या ना." नाना गोंधळले. "बोटं चिकटत व्हती. माले वाटनं, आपलंच चुकी राहिनं. बोर्डवर 'झालं' लिखेल व्हतं. आनि तू शिकेल शे."

मला तिथेच रडू फुटलं. त्यांना स्वतःच्या बोटांपेक्षा माझ्या चिठ्ठीवर जास्त विश्वास होता, आणि मी ती चिठ्ठी फोटोसाठी हलवली होती.

त्याच क्षणी माय आणि सिंधूमावशी दारात. मायने साडी पाहिली, नानांकडे पाहिलं. "कोनी सांगं तुमले घडी कराले?"

नानांनी बोर्डाकडे बोट केलं नाही. माझ्याकडेही नाही. "मनी चूक व्हयनी," म्हणाले.

"नाही माय, माझी!" मी रडतरडत सगळं सांगितलं. फोटोसुद्धा दाखवला. तो अजूनही झकासच दिसत होता.

मायने फोटो पाहिला. मी थपडेची वाट पाहत होते. (सत्तावीस वर्षांची, पगारदार, तरी पाहत होते.) माय म्हणाली, "रडू नको. अश्रू पडतीन, डाग पडी. बठ आठे."

पुढचे पाच तास मी आयुष्यात विसरणार नाही. गोंद पुरता सुकला नव्हता, हेच नशीब. घड्या हलक्या हाताने सोडवायच्या, सरकलेले खडे नखाने काढायचे, कापडावरचा गोंद ओल्या फडक्याने टिपायचा आणि खडे पुन्हा नक्षीत लावायचे. सिंधूमावशींनी गल्लीत एकच हाळी दिली आणि नऊ बायका आल्या; तिघी सतरंजीवरच्या सहा साड्यांना लागल्या. एकीनेही "बोर्ड काय म्हणतो?" असं विचारलं नाही. (पहिला तासभर तरी.) नाना बल्बखाली बसून साडी सोडवायचे आणि दर वेळी मायला विचारायचे, "ही घेऊ का?" आणि त्या दिवशी माय दर वेळी काम थांबवून उत्तर देत होती. माझ्या वाट्याला आली एक साडी. लहानपणापासून माझा एक खडा कधी सरळ बसला नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझ्या मोराची मान शेवटपर्यंत मागेच वळलेली राहिली.

रात्रभर पंखे लावले. शुक्रवारी सकाळी मायने एकेका साडीवरून पालथा हात फिरवला आणि मगच नानांकडे दिली. अकराला शेठजी स्वतः आले. साड्या उलगडून पाहू लागले, तशी माय आपणहून म्हणाली, "शेठ, एकोणचाळीस छे. एक खराब झाली, ती नाही देणार. कापड मी भरून देते."

शेठजींनी आणखी दोन साड्या उलगडल्या, खड्यांवर बोट घासलं आणि म्हणाले, "खराब माल सामेथी कोण बतावे छे, बेन? आवता महिने साठ मोकलुं?" खराब माल आपणहून कोण दाखवतं, असं म्हणत पुढच्या महिन्यात साठ! माय फक्त "हो" म्हणाली. शेठजी गेल्यावर मात्र ती खाटेवर बसली आणि पदराने तोंड झाकून बराच वेळ हसत होती, की रडत होती, आम्हाला कळलं नाही. नानांनी तिच्या हातात पाणी दिलं.

चाळीसावी साडी, मान वळलेल्या मोराची, माझी झाली. सोमवारी तीच नेसून मी ऑफिसात गेले आणि साहेबांना फोटोची खरी गोष्ट सांगितली. बोलता बोलता दोन खडे टेबलावर पडले. साहेब म्हणाले, "प्रशिक्षणाचा दुसरा दिवस तुम्ही बुडवलात वाटतं."

बोर्ड मी काढायला निघाले होते, पण नानांनी काढू दिला नाही. मग मायने सांगितलं तसे रकाने मी नव्याने आखले: 'खाट', 'सतरंजी', 'दोरी', 'झोपाळा', 'पेटी'. 'दोरी'च्या खाली मायने स्वतःच्या हाताने लाल पेनाने लिहिलं, 'हात लावू नये'. चिठ्ठ्या आता नाना हलवतात, तेही मायने साडीवरून हात फिरवल्यावर. मला बोर्डापासून तीन फुटांवर उभं राहायची परवानगी आहे.

साठ साड्या वेळेत गेल्या. त्यानंतरच्याही गेल्या. साड्या गेल्या की सगळ्या चिठ्ठ्या निघतात; एकच कायम राहते. तीही मायच्याच अक्षरात आहे: 'जयूची अक्कल'. ती गेले आठ महिने 'दोरी'वर वाळते आहे, आणि काल मी विचारलं तेव्हा मायने तिच्यावरून पालथा हात फिरवून सांगितलं, "आजून वल्ली शे."