परातीतलं नाटक

"नाक दिसतंय का, नाक?" काका गच्चीवरून ओरडत होते. इतक्या मोठ्यानं, की एरवी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या निम्म्या कारखान्यांनी भोंगा झाला समजून यंत्रं बंद केली असती. रविवार होता म्हणून निभावलं.

"कुणाचं?" मावशीनं खालून विचारलं.

"कुणाचंही. एक नाक सापडू दे, मग बाकीचा माणूस बघू."

टीव्हीवर नाक नव्हतं, मुंग्या होत्या. जगातल्या झाडून सगळ्या मुंग्या त्या दुपारी मावशीच्या चौदा इंची टीव्हीत कामाला लागल्या होत्या. मी जिन्यात उभा होतो. वरचं खाली आणि खालचं वर सांगायचं, हे माझं काम. तसं दोघांचं एकमेकांना ऐकू येत होतंच, पण काकांच्या मते प्रत्येक कामावर एक इंजिनिअर लागतो.

मी तेव्हा पीण्यात पहिली नोकरी धरली होती आणि मावशीकडे राहत होतो. मावशी कोल्हापूरची. काका, म्हणजे मावशीचे यजमान, बंगळूरचे, तीनशे वर्षं घरात मराठी बोलत आलेल्या घराण्यातले. पण शाळा कन्नड. त्यामुळे मराठी त्यांच्या तोंडात होती, डोळ्यांत नव्हती. मराठी अक्षर त्यांना वाचता येत नसे.

त्या आठवड्यात माझ्या आईचं पत्र आलं होतं. मावशीचा आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, नाटकापायी मुंबईला पळाला त्याला सात वर्षं झाली होती. मावशीनं त्याला तेव्हापासून पाहिलं नव्हतं. आईनं लिहिलं होतं, 'रविवारी चार वाजता मुंबईच्या मराठी चॅनेलवर नाटक आहे. आपल्या धाकट्याला दुसऱ्या अंकात चहा घेऊन यायचं काम आहे. वाक्य नाही, पण चहा खरा आहे.' ते पत्र मावशीनं इतक्यांदा वाचलं, की शाई फिकी पडली.

आमच्या गल्लीतला केबलवाला म्हणाला, मराठीला गिऱ्हाईक नाही. आणि डिश विकत आणणं काकांना मंजूर नव्हतं. पीण्यात धातू कातायचं स्वतःचं लेथ असलेल्या माणसानं दुसऱ्यानं केलेली गोल वस्तू विकत आणायची, म्हणजे हलवायानं शेजारून जिलबी मागण्यातला प्रकार.

त्यावर उपाय त्यांना मावशीच्या लग्नातल्या ट्रंकेत सापडला. ट्रंकेत तिच्या वडिलांचे जुने दिवाळी अंक होते, व्यंगचित्रांनी खच्चून भरलेले. त्या काळी लोकांना ज्या ज्या करमणुकीचं वेड लागलं, तिची त्यात टर उडवलेली. सिनेमाच्या रांगेतच पाळणा बांधलेलं कुटुंब. पेटी शिकणाऱ्या घरावरून वळसा घालून जाणारे कावळे. रेडिओ ऐकता ऐकता गिऱ्हाइकाचा कान कापून स्वतःच्या कानामागे खोचणारा न्हावी. मी वाचून गडाबडा लोळायचो. काका हसत नसत. चित्र म्हणजे ड्रॉइंग आणि ड्रॉइंग म्हणजे ऑर्डर, एवढंच त्यांना आयुष्यानं शिकवलं होतं. ते व्यंगचित्रं बघायला बसत ते मापं घ्यायचा वर्नियर घेऊन.

त्यातल्या एका चित्रात छपरावर बांबू, बांबूला बांधलेली परात, परातीतून आलेली तार खाली रेडिओला. रेडिओला कान लावून डोळे मिटलेला टकलू नवरा, आणि बायको त्याच्याच टकलावर कणीक मळतेय.

"बघ, बघ," काका मला म्हणाले, "ह्या माणसानं चाळीस वर्षांपूर्वी डिश काढून ठेवलीय. माप सोडून सगळं दिलंय."

"काका, पण ती बाई?"

"ते अर्थिंग."

मावशीनं मागून वाकून चित्राखालची ओळ म्हटली, "आता कणीक कशात मळू, तेवढं रेडिओला विचारा."

"कुकरच्या डब्यात मळ," काका मान वर न करता म्हणाले. "चार दिवसांचा प्रश्न आहे."

ती ओळ तिनं वाचली होती की विचारली होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. तिनं मात्र परात घासून त्यांच्या हातात दिली.

तर ती परात आता गच्चीवर आभाळाकडे तोंड करून होती, आणि चार वाजून वीस मिनिटांनी मुंग्या बाजूला सरकल्या. दोन सावल्या दिसल्या. मागं छपरासारखं काहीतरी. आवाज फक्त भजी तळल्याचा.

"नाटक लागलं," मी वर ओरडलो.

समोरचे रिटायर्ड पोस्टमास्तर चप्पल न घालता आले. ते कन्नडमध्ये म्हणाले, हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम आहे, आमच्याकडेही हाच लागलाय, मेंढ्यांना लस टोचतायत.

"सार, स्वल्प थांबा," वरून काका. "तुमच्याकडं मेंढी असेल. आमच्याकडं दुसरा अंक आहे."

तेवढ्यात तिसरी सावली आली, दोन्ही हातांत काहीतरी छातीशी धरून.

"मेंढी," पोस्टमास्तर म्हणाले.

"चहा आला का?" काकांनी विचारलं.

मी मावशीकडे बघितलं. पोस्टमास्तरांनीही बघितलं. ती उठली आणि काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली. सावली चार पावलं चालली आणि मुंग्यांत बुडाली.

"तोच," मावशी म्हणाली. "चालताना डावा खांदा पाडतो."

मामा खरंच डावा खांदा पाडतो. पण मेंढी उचलली की कुणाचाही पडेल. पोस्टमास्तर गोंधळून घरी गेले आणि दोन मिनिटांत परत आले. म्हणाले, "आमच्याकडं पण पडला."

अकरा दिवसांनी, गुरुवारी, आईचं दुसरं पत्र आलं. ते पोस्टमननं माझ्या हातात दिलं, म्हणून मी आधी वाचलं. क्रिकेटचा सामना लांबला, नाटक दाखवलंच नाही. धाकटा म्हणे खट्टू होऊन दोन दिवस जेवला नाही. मी पत्र मावशीला दिलं. तिनं ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून ओट्यावर ठेवलं आणि पुन्हा कुकरच्या डब्यात हात घातला. परात अजून वरच होती. गल्लीतले लोक ती बघायला येत होते, आणि काका रोज सकाळी त्यांना अर्थिंग समजावून सांगत होते.

संध्याकाळी काका पीण्याहून आले. तेलाचे हात पँटला पुसून त्यांनी पत्र उचललं, उजेडात धरलं, अक्षरांवरून एकदा नजर फिरवली आणि होतं तसंच परत ठेवलं.

"काय लिहिलंय? त्यांच्याकडं दिसला का धाकटा?"

"दिसला म्हणते," मावशी कणीक मळता मळता म्हणाली. "चहा सांडला नाही."