टॅबवर हिरवा झालेला पूल

जैनथच्या पुढे, नाल्यापलीकडे आमचं गाव. नाल्यावर पूल होतोय, आणि तो वेळेत व्हावा म्हणून गुत्तेदारानं एक माणूस पगारी ठेवलाय, आमच्याच गल्लीतले अमृतराव. सिमेंट कालवणं त्यांचं काम नाही, सळ्या बांधणं तर नाहीच. त्यांनी फक्त वेळ सांभाळायची. माझं किराणा दुकान नाल्याच्या काठावर, म्हणून ही वेळ कशी सांभाळली जाते ते मी बसल्या जागी रोज पाहत आलोय.

आदिलाबादला ट्रेनिंग घेऊन आल्यापासून अमृतराव भर उन्हाळ्यातही बूट घालतात. त्यांच्या टॅबवर पुलाच्या प्रत्येक कामाची एक पट्टी असते. काम रखडलं की पट्टी लाल, झालं की हिरवी. एका कामाला दुसरं बांधलेलं; आधीचं झालं की पुढच्या माणसाच्या फोनवर हुकूम आपोआप जातो. "याले म्हणतात नियोजन," असं सांगत ते माझी सुपारी फुकट खात. लाल पट्टीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, तारीख पुढे सरकवायची. खांब उभे राहिले, पण वरचा स्लॅब काही पडेना. आधी मजूर कापूस वेचायला गेले, मग मिस्त्रीच दुसऱ्या कामावर गेला. अमृतराव मात्र निवांत. तारीख सरकली की पट्टीचा लाल रंग जाई आणि गुत्तेदाराच्या ऑफिसातले साहेबही खूश होत.

मुलीचं, सुवर्णाचं लग्न ठरलं तेव्हा तर त्यांना चेवच चढला. व्याही तामसीचे पांडुरंगराव, मानापानाला कडक. त्यांना यांनी भर बैठकीत सांगून टाकलं, "वरातीची बस नव्या पुलावरून आणतो." घरातही लग्नाच्या पट्ट्या निघाल्या, पापडाची वेगळी, मांडवाची वेगळी. भागाबाई वैतागून नवऱ्याला म्हणाल्या, "पापड मी लाटून राह्यली, अन् तुमी नुसता रंग देऊन राह्यले."

नेमकं लग्नाच्या आठवड्यात साहेबांनी तारखा सरकवायची सोयच बंद केली. सोमवारी मीटिंग, आणि पट्टी लाल. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अमृतराव माझ्या ओट्यावर बसले, थोडा वेळ नाल्याकडे पाहिलं आणि एका बोटानं टॅबवर पूल पूर्ण करून टाकला.

"अवो, पन स्लॅब कुठं हाये?" मी विचारलं.

"पडतेच ना आता. इथं आधी झाला तं काय बिघडते?"

बिघडलं ते लग्नाच्या दिवशी सकाळी. पूल होईपर्यंत नाल्यात पाइप टाकून, वर मुरूम पसरून तात्पुरता रस्ता केलेला होता. गावाचं सगळं येणंजाणं त्यावरूनच. पूल झाला की हा रस्ता काढायचा, ही गाठ अमृतरावांनी स्वतःच मारून ठेवली होती आणि विसरलेही होते. हुकूम गेला. जेसीबीवाल्या गोपालनं उजाडताच रस्ता उपसला. मुरूम टिप्परमध्ये भरून दुसऱ्या कामावर रवानाही झाला.

अमृतराव मांडवातून धावत आले. "पूल दिसला नाही का रे तुले?"

"दिसला ना, नुसते खांब हायेत," गोपाल म्हणाला. "पन मेसेजात पूल झाला असं होतं. तुमच्या हुकमाच्या वरतं मी कोन?"

तेवढ्यात पलीकडे वरातीची बस येऊन थांबली. अमृतरावांनी साहेबांना फोन लावला आणि नोकरीत पहिल्यांदाच खरं बोलले. "साब, टिप्पर वापस भेजो. पुल नहीं हुआ है."

"अमृतराव, मेरे सामने तो हरा दिख रहा है," साहेब म्हणाले. "हरे काम को गाड़ी कैसे दूँ? बेटी की शादी है, टेंशन मत लो."

पलीकडून पांडुरंगराव ओरडले, "नवरदेवाले खड्ड्यात काऊन उतरवावं आमी? पूल झाला की सांगा, तवर आमी चाललो वापस." ड्रायव्हरनं बस वळवायला घेतली. इतके दिवस मी या माणसाला मनसोक्त हसलो होतो, पण आता मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

सुवर्णा केव्हा येऊन मागे उभी राहिली कळलंच नाही. "बाबा, मुहूर्त नाही सरकत," ती म्हणाली. "ते येत नसतीन तं मी जाते."

शालू वर खोचून ती नाल्यात उतरली, हार घेऊन भागाबाई मागोमाग. पाइप उपसले तिथं चिखल होता. मेंदीचे पाय पोटरीपर्यंत त्यात गेले. पलीकडची दरड चढताना ती घसरली, तेव्हा पांडुरंगरावांनीच ओणवं होऊन हात दिला. बस थांबली.

अमृतरावांनी बूट काढले, टॅबशेजारी माझ्या ओट्यावर ठेवले आणि अनवाणी खाली उतरले. टॅबवर पूल हिरवाच होता.