धुळीतली पावलं

घुग्घुसला घर दाखवणारा तो दलाल बोलताना बोटाभोवती किल्ली फिरवत राहायचा.

"भाऊ, दुसरी पार्टी जास्त देऊन राह्यली. कालच सगळ्या खोल्या फिरून गेली. तुमाले घ्याचं असन तर आजच बोला."

बंद घराच्या फरशीवर कोळशाची काळी धूळ साचली होती. तिच्यात पावलं फक्त माझी आणि त्याची.

"मग त्यांची पावलं कुठी हायेत?" मी विचारलं.

तो हसला. "इथी एका रात्रीत धूळ बसते, भाऊ."

हे खोटंही म्हणवेना. आमच्या भाड्याच्या घरात बायको रोज दोनदा झाडते. मी उद्या सांगतो म्हणालो.

सकाळी पुन्हा कुलूप उघडायला लावलं. आमची कालची पावलं जशीच्या तशी होती.

किल्ली पहिल्यांदाच थांबली.

"भाऊ," तो म्हणाला, "ते दुसरी पार्टी आता नाई म्हणून राह्यली."