भुईसपाटने पाडलेली घसरगुंडी

गल्लीत त्याला सगळे भुईसपाट म्हणायचे. धंदाच तसा होता, जुनी घरं पाडायचा. एकदा तर गडी चुकून शेजारच्या न्हाणीघराची भिंत उतरवून बसला. आत शेजारी अंगाला साबण फासून उभा. हा म्हणतो, "तुमचं चालू द्या, मी विटा उचलतो." त्या साबणवाल्याने याला बादलीने बडवलं, आणि याने ती बादली पायाखाली चपटी करून अदबीने परत दिली. राग नाकावर आणि हातोडा कमरेला. लोक खिशात कंगवा ठेवतात तसा हा हातोडा बाळगायचा. लग्नातसुद्धा होता म्हणे, सासऱ्याने काढून घेतला.

त्याच्या कामाची एक रीत होती. पाडायच्या वस्तूला आधी ठोकून बघायचं, कान देऊन आवाज ऐकायचा आणि सांधा कुठे कच्चा आहे ते हेरायचं. मग त्याच सांध्यावर असा घाव घालायचा की दुसरा घालावा लागू नये. हाताला इतकी सवय झाली होती की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

एवढ्या आडदांड माणसाची पोर मात्र मुठीत मावेल अशी. दोन वर्षांची झाली तरी इवलीशीच, म्हणून नाव मुंगी. तिला रक्ताचा आजार जडला होता. नुसतं जरा दाबून उचललं तरी अंगावर निळे डाग उठायचे, आणि कुठे आपटली तर आतल्या आत रक्त थांबायचं नाही. ही गोष्ट घडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिला उपचारासाठी इस्पितळातल्या बंद खोलीत ठेवणार होते. आई आत, बाप काचेबाहेर. किती महिने, ते कोणी सांगेना. भुईसपाटने डॉक्टरीणबाईंना विचारलं, बाहेर येईल ना? बाई म्हणाल्या, प्रयत्न करू. यावर त्याने बाकावर मूठ मारली आणि फळी उभी चिरली.

इस्पितळाच्या खिडकीतून समोरचं मैदान दिसायचं. मुंगी काचेला नाक लावून रोज एकच म्हणायची, "घस्सू." म्हणजे घसरगुंडी. त्या दिवशी सकाळीच तिला रक्त चढवलं होतं, म्हणून बाईंनी थोडा वेळ सोडलं. पडता कामा नये, आपटता कामा नये, गर्दी नको, असं तीनतीनदा बजावून. बायकोचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती म्हणत होती, नकोच. भुईसपाटचं म्हणणं, आज नाही तर कधी? शेवटी दोघांनी मिळून मुंगीला पुढून एक आणि मागून एक उशी बांधली, वर ओढणी गुंडाळली आणि ते गाठोडं घेऊन मैदानात आले.

घसरगुंडी म्हणजे लोखंडी शिडी आणि तिच्या टोकाला बोल्टने जोडलेला लांब पत्रा. गल्लीतल्या एका ट्रकड्रायव्हरची जुळी पोरं वरून खाली धाडधाड घसरत होती. भुईसपाटने त्यांना हटकून बाजूला केलं. आपल्या पोरीला वर बसवायचं तर ही वस्तू धड आहे की नाही हे बघायला नको? त्याने शिडीवर चढून हातोडा काढला. पत्र्यावर टकटक केलं, कान दिला. पुन्हा टकटक केलं. बायको खालून म्हणाली, "अहो, हळू." पण हाताला विचारायचं होतं की हे टिकेल का, आणि हाताला तर एकच प्रश्न ठाऊक, हे कुठून पडेल? सांधा सापडला. घाव बसला. दोन्ही बोल्ट गोळीसारखे उडाले आणि अख्खा पत्रा ढाणकन जमिनीवर आदळला.

घसरगुंडी चांगली धडधाकट होती हो. आणखी दहा पिढ्या घसरल्या असत्या.

जुळ्यांनी एका सुरात भोकाड पसरलं. ड्रायव्हर धावत आला, त्याने भुईसपाटला शिडीवरून पाय धरून ओढलं आणि तोंडावर असा ठोसा दिला की पुढचा दात वाळूत जाऊन पडला. "माझी पोरं आत्ता त्याच्यावर होती, रानटी माणसा!" भुईसपाटने तोंडातलं रक्त थुंकलं, ड्रायव्हरला कमरेत धरून उचललं आणि सी-सॉच्या एका टोकावर आपटलं. दुसरं टोक वर उसळलं ते भांडण सोडवायला आलेल्या शिंप्याच्या हनुवटीला लागलं. शिंपी बिचारा शांत माणूस, पण जीभ चावली गेल्यावर तोही ड्रायव्हरच्या पक्षात आला. चप्पल काढून तो भुईसपाटच्या टाळक्यात हाणू लागला. मैदानाचा राखणदार शिट्टी फुंकत आला आणि सोट्याने नडग्या फोडायला लागला. भुईसपाटने त्याचा कान दातात धरला. नुकताच दात गेलेला, त्यामुळे पकड तेवढी बसली नाही. ड्रायव्हर परत उठला. मग तिघांनी मिळून भुईसपाटला पालथा पाडला, तोंड वाळूत दाबलं आणि लाथांनी तुडवला. बरगडीतून कट्ट असा आवाज आला. तो त्याला बरोबर ऐकू आला, पोकळ.

त्या धुमश्चक्रीत कोणाचा तरी पाय मागे गेला आणि मुंगीच्या उशीला घासला. आईने पोरीला छातीशी आवळलं. ती ओरडली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मारा यांना, हवं तेवढं मारा. पण हिला तुमचं कोपर लागलं तर हिचं रक्त थांबणार नाही. उद्या हिला कोंडणार आहेत. आज खेळायला आणली होती."

ड्रायव्हरची वर गेलेली लाथ वरच राहिली. शिंप्याने चप्पल खाली ठेवली, तीही जोडीने. भुईसपाटने वाळूतून तोंड काढलं. एक डोळा मिटलेला, ओठ फुटलेला. त्याला बघायचं होतं की पोर घाबरली का. पोरीचा एकुलता एक दिवस आपणच आपल्या हाताने पाडला, याच्यापुढे बरगडीचं काही नव्हतं.

मुंगी पडलेल्या पत्र्याकडे बघत होती. गालांवर कधी नव्हे ते लाली. ती म्हणाली, "पाल. पुन्ना पाल."

कोणाला कळेना. बापाला कळलं. "पुन्हा पाडा म्हणतेय," तो फुटक्या ओठाने म्हणाला.

ड्रायव्हरने राखणदाराकडे पाहिलं. राखणदार कान धरून म्हणाला की हे नियमात बसत नाही, आणि पत्र्याचं एक टोक उचललं. चौघांनी तो शिडीइतका उभा धरला आणि सोडला. ढाण्ण! मुंगी आईच्या कडेवर खदखदून हसली. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. शिंप्याचा अंगठा सापडला, त्याने शिवी गिळली. जुळी रडायचं विसरून टाळ्या पिटत होती. ज्यांनी त्याला तुडवलं तेच आता त्याला म्हणत होते, तू बस, तुला धाप लागलीय.

चौथ्या खेपेला बायको पुढे आली. तिने मुंगीला नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हिला धरा. मला पाडायचाय."

तिघांनी पत्रा उभा करून दिला. तिने दोन्ही हात लावले, दात आवळले आणि इतक्या महिन्यांत गिळलेलं सगळं त्या पत्र्यावर घालून असा ढकलला की जमिनीतून हादरा गेला आणि मैदानाबाहेरचं कुत्रं पळालं. तळहात फाटले होते. तिने ते साडीला पुसले, मागे वळली आणि म्हणाली, "उचला पुन्हा."